खोडरबर घरी ठेवून जा

प्रिय अण्णा,

अक्षर बघून दचकू नका. एवढं मोठं अक्षर मी बालवाडीत काढत होते, आणि तेव्हाही तुम्ही म्हणाला होतात की हिला पाटी पुरायची नाही, भिंत द्या. कागद उधळतेय असं आत्ता तुमच्या मनात आलंच असेल. तर हे कागद दुकानातल्या रद्दीतले आहेत, एका बाजूनं कोरे. पुढे पुढे अक्षर आवरतं घेईन, काळजी नको.

दुसरी गोष्ट, मुंगीच्या परीक्षेचा निकाल लागलाय. तो मी शेवटच्या पानावर, शेवटच्या ओळींत लिहिणार आहे. आधी शेवटचं पान उघडायचं नाही. आमच्या अंकगणिताच्या पुस्तकाची उत्तरांची पानं तुम्ही डिंकानं एकमेकांना चिकटवून टाकली होतीत, आठवतं? आता तुमच्यावर तीच वेळ आलीय असं समजा. (आम्ही ती पानं उजेडासमोर धरून वाचायचो. तुम्हाला ते माहीत होतं, हेही आम्हाला माहीत होतं.) शेजारच्या वहिनी हे पत्र घेऊन आल्या असतील आणि समोरच्या खुर्चीत बसल्या असतील. त्यांना चहा द्या, गप्पा मारा, पण पत्र त्यांच्या हातात देऊ नका. वाचायचं तुम्ही.

फोनवर का नाही सांगितलं, असं विचाराल. फोनवर तुमचं ठरलेलं असतं. मी बरा आहे, तुम्ही बरे ना, पोरीला दे, बिल वाढतंय, ठेवतो. आता बोलण्याचं बिल येत नाही हे सांगून माझी जीभ झिजली. मी तोंड उघडेपर्यंत तुम्ही ठेवूनही टाकलेला असतो, आणि वर गडबड म्हणून नाव मलाच पडलंय. म्हणून हे पत्र. जावईबापूंच्या कामावरचा एक जण तिकडे निघालाय, त्याच्या बॅगेत घालून देतेय, तो वहिनींकडे पोचवेल. पत्राला मध्येच ठेवतो म्हणता येत नाही.

तुम्ही मुंगीला रोज शिकवत होतात, पण ती त्या परीक्षेसाठी एवढी जिवाच्या आकांतानं का अभ्यास करत होती, ते मी तुम्हाला कधी धड सांगितलं नाही. इथे या देशात प्राथमिक शाळा संपली की मुलांची वाटणी होते. परीक्षेत जमलं ती मोठ्या शाळेत जातात, उरलेली जिथे जागा असेल तिथे. मुंगी इथे आली तेव्हा तिला इथली भाषा येत नव्हती. भाषा येत नाही म्हणजे डोकं नाही, असा वर्गातल्या बाईंचा समज झाला. बाई वाईट नाहीत, वर्ग मोठा आहे एवढंच. त्यांनी तिला खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं. त्या टेबलावरच्या मुलांना रंगवायला चित्रं देतात. तुम्ही जिला दुसरीत असताना अपूर्णांक शिकवलेत ती माझी पोर आठवडेच्या आठवडे फुगे आणि बदकं रंगवत बसली. एकदा घरी आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, आई, मला रंगवायचा कंटाळा आलाय, पण रंगवायचं नाही हे त्यांच्या भाषेत कसं म्हणायचं ते मला येत नाही. मी तिला ते वाक्य शिकवलं आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडून घेतलं. नंतर भाषा आली, पण टेबल सुटलं नाही. एकदा पडलेला शिक्का कोण पुसतो? ही परीक्षा म्हणजे त्या टेबलावरून उठायची तिची एकच संधी होती.

मग तुमची शिकवणी सुरू झाली. तुमची दुपारची झोप संपायची तेव्हा आमची सकाळ उजाडायची. ओट्याला लागून असलेल्या छोट्या टेबलावर साखरेची बरणी, बरणीला टेकवलेला फोन, फोनमध्ये तुमचं अर्धं कपाळ आणि वरचा पंखा. मी डबे भरायची, जावईबापू बुटाच्या नाड्या बांधता बांधता कान देऊन ऐकत बसायचे. ते हौदाचं गणित आठवतं? दोन नळांनी हौद भरतोय, तिसऱ्यानं रिकामा होतोय. दिवसभर बिघडलेल्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तो, त्याला राहवेना. म्हणाले, अण्णा, आधी खालचा नळ बंद का करत नाहीत? तुम्ही शांतपणे म्हणालात, जावईबापू, तसं केलं तर गणितच उरत नाही. ते अजून कामावर हे सांगून हसतात. त्या तासाभरात आमचं घर घर वाटायचं, अण्णा. बाहेर कोणाचे तरी अनोळखी आवाज, कचऱ्याच्या गाडीची घरघर, आणि आत तुम्ही पाढे म्हणून घेताय.

आता अक्षर जरा लहान करते, नाहीतर पत्राऐवजी दप्तर पाठवावं लागेल.

तुम्ही मुंगीला गणित शिकवलंत आणि त्याबरोबर आपल्या घराण्याचा नियमही शिकवलात. कच्चं काम समासात करायचं, उत्तर आलं की ते खोडायचं, आणि पान स्वच्छ करून द्यायचं. दादाला आणि मला तुम्ही सांगायचात, पाहुण्यापुढे वाढलेलं ताट ठेवतात, खरकटी भांडी नाही. आमच्या लहानपणी सतरंजीवर खोडरबराचा एवढा चुरा पडायचा की आई म्हणायची, या घरात धान्यापेक्षा रबरच जास्त निवडावं लागतं. मुंगीनं तो नियम असा उचलला की काही विचारू नका. आकडेमोड झाली की जीभ बाहेर काढून, पान घट्ट धरून अशी खोडायची की कागदाची साल निघेल.

आणि तिथेच घोटाळा झाला. शिकवणीच्या बाईंकडे सराव परीक्षा झाली. आठवड्यातून एकदा तिला मी त्यांच्याकडे भाषेसाठी पाठवायची, त्या गणितही तपासायच्या. मला बोलावणं आलं. बाईंनी पेपर पुढे ठेवला. उत्तरं जवळपास सगळी बरोबर, आणि गुण निम्मेसुद्धा नाहीत. इथे उत्तराला थोडे गुण, बाकीचे रीतीला, हे मला कुठे ठाऊक? मुंगीच्या पानावर रीत औषधालासुद्धा नव्हती. नुसती उत्तरं, ओळीत, शिस्तीत. बाईंनी अगदी जपून विचारलं की ही शेजारच्या मुलाचं बघून तर लिहीत नाही ना. माझा चेहरा पडला. मुंगी मात्र उठली, पेपर उचलला आणि खिडकीच्या काचेला लावून धरला. सगळं कच्चं काम दिसायला लागलं! पेन्सिलीचे वळ, हातचे, भागाकार, सगळं. बाईंनी चष्मा काढून नाक काचेला लावून ते वाचलं, आणि मग एवढ्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, मुलं न केलेलं काम केलंय म्हणून सांगतात, केलेलं काम लपवणारी मी पहिल्यांदा बघतेय.

हसून झालं तरी प्रश्न सुटला नाही. मुंगी खोडायचं सोडेना. बाईंनी सांगितलं, मी सांगितलं, जावईबापूंनी लाडीगोडी लावली. तिचं एकच, आजोबांना आवडणार नाही. मी म्हटलं, आजोबांना सांगायचं नाही, त्यांना वाईट वाटेल. ती म्हणाली, मी त्यांना विचारणार. आणि दुसऱ्या दिवशी बरणीसमोर बसून तिनं विचारलंच. मी ओट्याकडे तोंड करून उभी होते, पोळपाट पुसायचं नाटक करत. मला वाटलं, जन्मभराचा नियम, मास्तर आता भाषण देणार. तुम्ही म्हणालात, मुंगे, नियम माझा आहे, पण परीक्षा तुझी आहे. ज्याला खरकटी भांडीच बघायची आहेत त्याला ती दाखवावीत. तू असं कर, त्या दिवशी खोडरबर घरी ठेवून जा. अण्णा, तेव्हा तुम्ही मला एवढे आवडलात! ते सांगायला मी वळले, तोवर तुम्ही ठेवतो म्हणालात.

परीक्षेच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी आईबापांची ही गर्दी. कोणी पाण्याच्या बाटल्या घेऊन, कोणी मुलांना शेवटच्या क्षणी काहीतरी पाठ करून घेत होतं. मुंगीनं कंपासपेटी उघडली, रबर काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. घरी ठेवायला विसरली होती म्हणे. खरं तर तिला कोणाच्या तरी हाती सोपवायचं होतं. ती आत गेली आणि मी ते मुठीत धरून बाहेर उभी राहिले. बाहेर आली तेव्हा बोटं शिशानं काळी झालेली, गालावर एक फराटा. म्हणाली, आई, पान बघवत नव्हतं. मी तिला तिथेच रस्त्यात उचलून घेतलं, एवढी मोठी झालीय तरी.

आता आणखी थोडं बारीक लिहिते. नीट धरा कागद, खिडकीपाशी जा हवं तर.

माझ्या दुकानातली एक गोष्ट सांगते. चष्म्याच्या दुकानात मी काय करते हे तुम्हाला ठाऊक आहे. माणसाला मशीनपुढे बसवायचं, हनुवटी टेकवा, कपाळ लावा, हिरव्या ठिपक्याकडे बघा, मग तक्ता वाचून घ्यायचा, वरचं मोठं अक्षर, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान. परवा एक म्हातारे ट्रकचालक आले. परवाना पुढे चालू ठेवायला आमचा दाखला लागतो. खुर्चीत टेकले आणि मी दिवा लावायच्या आत शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणून मोकळे झाले. एकही अडखळा नाही. फक्त एवढंच की तक्ता मी त्याच सकाळी बदलला होता. ते म्हणून दाखवत होते तो जुना तक्ता मागच्या खोलीत गुंडाळून ठेवला होता! जेवताना मी घरी त्यांची नक्कल करून दाखवली. जावईबापूंना ठसका लागला. मुंगी हसली नाही. ताटातलं चिवडत बसली. मग म्हणाली, आजोबा पण असंच करतात.

अण्णा, हातातला घास हातात राहिला.

मग तिनं हळूहळू सांगितलं. तुम्ही पाठवलेल्या नव्या पुस्तकातल्या हौदाला दोनच नळ आहेत, तुम्ही मात्र तीन नळांचं गणित घातलंत. जुन्या पुस्तकात तीन होते, आणि ते पुस्तक तुम्हाला पानापानासकट पाठ आहे. इथली पुस्तकं तुम्हाला पाठ नाहीत, म्हणून तुम्ही तिला म्हणायचात, तूच मोठ्यानं वाच, तेवढेच उच्चार सुधारतील. आणि एकदा सोडवलेलं पान फोनसमोर धरताना चुकून तिनं कोरी बाजू धरली. तुम्ही म्हणालात, वा, किती स्वच्छ पान! तिनं कागद उलटून बघितला आणि तुम्हाला विचारलं, आजोबा, तुम्हाला दिसत नाही का? तुम्ही तिला गळ घातलीत की परीक्षा होईपर्यंत आईला सांगू नकोस, ती सगळं सोडून धावत येईल आणि तुझा अभ्यास बुडेल. पोरीनं शब्द पाळला. परीक्षा होईपर्यंत म्हणजे परीक्षा होईपर्यंत. मी म्हटलं, मग परीक्षा झाल्यावर लगेच का नाही सांगितलंस? तर म्हणते, तू विचारलं नाहीस, आणि मला आजोबांची चहाडी करायची नव्हती. एवढं बोलून ती हमसून हमसून रडायला लागली. तुम्ही पडाल कुठेतरी, या भीतीनं तिनं एवढे दिवस काढले होते.

राग आला मला तुमचा, खरंच आला. दिवसभर मी परक्यांचे डोळे तपासते, त्यांना दटावते की आजोबा, आधी का नाही आलात. आणि माझा बाप ओट्याजवळच्या टेबलावर, साखरेच्या बरणीला टेकून रोज माझ्यासमोर येत होता. त्याचं अर्धंच कपाळ का दिसतं, हे मला कळू नये? मला वाटायचं, तुम्हाला फोन धरता येत नाही. तुम्ही स्क्रीन डोळ्यांशी नेत होतात. तो राग रात्रभरही टिकला नाही, कारण मागोमाग तुम्ही दिसायला लागलात. दुपारी उठून तोंड धुऊन, सदरा चढवून, चाचपडत फोन लावणारे, आणि दिसत नसलेल्या पोरीला दिसत नसलेली गणितं समजावून सांगणारे. तिला वर्गातल्या त्या खिडकीजवळच्या टेबलावरून उठवायला तुम्ही तुमच्या डोळ्यांचे दिवस खर्ची घातलेत. मोतीबिंदू असेल तर चिंता नाही, तो काढता येतो. पण डोळ्यांचे काही आजार असे असतात की एकदा गेलेलं परत येत नाही, उरलेलं तेवढं राखता येतं, आणि तेही वेळेवर गेलं तर. मी हे लोकांना रोज सांगते. तुम्हाला सांगताना ही ओळ वाकडी झालीय.

एव्हाना अक्षर अगदी बारीक झालंय, आणि तुम्ही मास्तर आहात, तुमच्या लक्षात आलं असेल. अण्णा, हे पत्र नाही, हा तक्ता आहे. पहिल्या पानाची अक्षरं आमच्या दुकानातल्या वरच्या ओळीएवढी, आणि तिथून एकेक पायरी खाली. हा तुम्हाला पाठ असणं शक्य नाही. निकाल सगळ्यात खाली ठेवला, कारण दुसऱ्या कशासाठी नाही तरी नातीच्या निकालासाठी तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत जिवाचं रान कराल हे मला माहीत होतं. जिथे तुम्हाला नाहीच जमलं तिथून पुढे वहिनींनी वाचायचं, असं मी त्यांना बजावून ठेवलंय. वहिनी, तुम्ही वाचत असलात तर जरा सावकाश वाचा. मुंगी पास झाली, अण्णा. मोठ्या शाळेत जागा मिळाली. गणितात रीतीचे सगळेच्या सगळे गुण मिळाले, आणि खिडकीजवळच्या टेबलावरून ती कायमची उठली. आता तुमची पाळी. चहा झाला की वहिनी तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणार आहेत, वेळ घेऊन ठेवलीय, सदरा बदला. त्याआधी एवढं करा. तुमचं स्वतःचं वाचणं जिथे थांबलं, तिथे पेन्सिलीनं एक रेघ मारा, कागद डॉक्टरांना दाखवा आणि मग मला त्याचा फोटो पाठवायला वहिनींना सांगा. रेघ इथे खाली आली तर आम्ही दोघी सुट्टी लागताच येऊ. वर कुठे आली तर मी लगेच निघते, आणि मुंगीचा काहीही अभ्यास बुडत नाही, तिनं तुम्हाला वाचून दाखवायला पुस्तकं काढून ठेवलीत. परीक्षेचं ते रबर मी अजून पर्समध्ये बाळगते. तुमच्याजवळ असेल तेही वहिनींकडे देऊन टाका. रेघ पहिल्या पानावर आली तरी चालेल, अण्णा, फक्त ती खोडू नका.

तुमचीच,
गडबड